पाऊण इंचाची पायरी

डिंडोलीत डोंगर नाही. अख्ख्या सुरतेत नाही. तापीच्या गाळाची सपाट जमीन, सायकल उभी केली तर ढकलल्याशिवाय हलणार नाही अशी. त्यामुळे आमच्या वस्तीच्या मागे जो उंचवटा आहे, ज्याला लोक आता हात जोडून ‘गड’ म्हणतात, तो गड नाही हे मी आधीच सांगून टाकते. तो ढिगारा आहे. तो होताना मी पाहिला आहे, त्याच्या पोटात काय काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्या पायऱ्यांचं गणित माझ्याच हातचं आहे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहरात साफसफाईची लाट आली. रस्ते रुंद झाले. रस्त्यात आलेले ओटे, पुढे काढलेल्या मोऱ्या, पत्र्याच्या पडव्या पाडल्या गेल्या आणि त्यांचा मलबा ट्रकांनी आमच्या मागच्या मैदानात येऊन पडू लागला. त्यावर डाइंग मिलची काळी राख. मग पुन्हा मलबा, पुन्हा राख. फुटलेली संडासची भांडी, निळ्या फरशीचे तुकडे, कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा अर्धा ओटा, त्यावर हळदीचा डाग तसाच. आमच्या घराच्या दारातल्या दोन पायऱ्याही त्यातच कुठेतरी आहेत. वर्षभरात तो ढीग तीन मजली घराएवढा झाला. त्यावर आधी कुत्री चढली, मग शेळ्या चढल्या, आणि सर्वांत शेवटी समिती चढली.

समितीत आठ-नऊ माणसं होती. सगळी आमच्यासारखीच खानदेशातून लूमच्या कामाला आलेली. तिचे अध्यक्ष मुकादम होते. लूमच्या खात्यांना, म्हणजे कारखान्यांना, कामगार पुरवायचे. अंगात पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं. दोन्ही पेनं मी कधी उघडलेली पाहिली नाहीत. बोलताना एक वाक्य मराठीत, एक गुजरातीत, आणि समोर पोलीस दिसला की सरळ हिंदीत. त्यांच्या स्वप्नात गडावरची देवी आली होती. ती म्हणाली होती, माझी लेकरं पोटासाठी इतक्या लांब गेली, आता मीच त्यांच्याकडे येते. अध्यक्षांना नगरसेवकपदासाठी उभं राहायचं होतं. देवीला स्वप्नात यायला नेमकं तेच वर्ष सापडावं, याचं वस्तीत कोणालाही नवल वाटलं नाही. मला वाटलं. पण मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि उठल्यासुटल्या सगळ्यांना शिकवायला जाऊ नये एवढी अक्कल मला होती.

गड म्हणजे कोणता, हे खानदेशी माणसाला विचारावं लागत नाही. डोंगराच्या कड्यात देवी आहे आणि तिथवर दगडी पायऱ्या आहेत. आमच्याकडे नुसतं ‘गडले जाई ऊनू’, गडावर जाऊन आलो, म्हटलं की पुरतं. चैत्रात सुरतेहून सुद्धा लोक चालत जातात. आणि ज्या बाईचा नवस मोठा, ती त्या पायऱ्या नुसत्या चढत नाही. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत एकेका पायरीला वाकून हळदकुंकू लावत जाते.

माझ्या आईचा नवस असाच होता, आणि तो माझ्यासाठी होता.

मला शिकवायचं हे एकट्या आईच्या डोक्यातलं. वडील लूमवर गेले, पाठोपाठ आई आली, पण मला तिने तालुक्याच्या गावी मामाकडे ठेवलं. तिथली शाळा चांगली म्हणून. ती शाळा खरोखर चांगली होती. छपराला कौलं कमी आणि मास्तर प्रामाणिक, अशी. तिथल्या बाईंनी मला शुद्ध लिहायला शिकवलं, तिथल्या हेडमास्तरांनी आईला सांगितलं की पोरगी पंधरावीपर्यंत जाईल. पंधरावी म्हणजे नेमकं काय, हे आईला माहीत नव्हतं. तिने विचारलं, त्यापुढे काय? हेडमास्तर म्हणाले, त्यापुढे नाही गेली तरी चालेल. आईने तिथल्या तिथे, शाळेच्या व्हरांड्यात, गडाच्या दिशेने हात जोडले: पोरगी पंधरावी झाली तर पायरीपायरीला हळदकुंकू लावीन.

बारावीनंतर मी सुरतेला आले, कॉलेजात गेले. त्या तीन वर्षांत आई साड्यांचे धागे कापायची. गठ्ठे घरी यायचे. सकाळी मांडी घालून बसली की दुपारी भाकरीला उठायची आणि पुन्हा बसायची. माझ्या प्रत्येक पुस्तकामागे किती साड्या होत्या हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी बी.ए. झाले तोवर तिचे दोन्ही गुडघे गेले होते.

निकाल लागला त्या चैत्रात आम्ही गडावर गेलो. पहिल्या पायरीला हळदकुंकू लावताना तिचा चेहरा मी पाहिला; लग्नातल्या फोटोतही तो तसा नाही. मग ती एकेक पायरी वाकत, उठत वर निघाली. दगडी पायऱ्या, काही तर ढोपराएवढ्या. एकतिसाव्या पायरीला वाकली आणि तिला उठता येईना. मागून माणसं येत होती. “ओ बाई, एका बाजूला व्हा ना,” कोणीतरी म्हणालं. वडिलांनी आणि मी तिला दोन बाजूंनी धरून खाली आणलं. ती रडली नाही. सापुताऱ्याच्या घाटात बस वळणं घेत होती तेव्हा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, “बाकीन्या उरनात.”

तेव्हापासून घरात जे काही वाईट होई ते त्या उरलेल्या पायऱ्यांच्या नावावर जाई. वडिलांचं बोट लूमच्या पट्ट्यात सापडलं, ते पायऱ्यांमुळे. मला नोकरी मिळायला उशीर झाला, ते पायऱ्यांमुळे. मी तिला समजावून पाहिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू शिकेल शे, तुले काय चिंता? नवस मन्हा शे.” डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने बंद. ती स्वतःसाठी काहीच मागत नव्हती. तिला फक्त मरायच्या आधी नवस फेडायचा होता, आणि तो फेडायचा रस्ता बंद झाला होता.

अशात समितीने मलब्याच्या ढिगावर देवी बसवायची ठरवली.

माझं मत स्पष्ट होतं: हा देवीचा अपमान आहे आणि खानदेशी माणसाच्या भोळेपणाचा धंदा आहे. घरी मी ते बोलूनही दाखवलं. आईने धागे कापता कापता एकच प्रश्न विचारला.

“तठला नवस आठे चालस का?”

तिथला नवस इथे चालतो का, हा प्रश्न वस्तीतल्या सगळ्याच बायकांना पडला होता. समितीने सभा घेतली. पुजारी म्हणून जो माणूस ठरला होता, तो आठवडाभर खात्यावर बॉबिन भरायचा आणि मंगळवारी सोवळं नेसायचा. त्याने निकाल दिला की चालतो. मात्र पायऱ्या तितक्याच हव्यात. एक कमी नाही.

तितक्याच म्हणजे किती? इथे जो गोंधळ झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. सभेत पंधरा माणसं होती आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. प्रत्येकजण गडावर दहादा जाऊन आलेला. शेवटी दोघांना एसटीने गडावर पाठवलं, नुसत्या पायऱ्या मोजायला. एकाने चढताना मोजल्या, दुसऱ्याने उतरताना. एक म्हणाला चारशे बहात्तर, दुसरा म्हणाला चारशे एकोणऐंशी.

“तू मधी चहा प्यायला बसला होता,” पहिला म्हणाला.

“चहा पायरीवर बसूनच पिलो ना? ती पायरी मोजली मी.”

“उठताना परत मोजली असशील.”

दोघांची हाणामारी व्हायची बाकी राहिली. अध्यक्षांनी मोठा आकडा घेतला, त्यात शकुनाची एक मिळवली, आणि चारशे ऐंशी ही गडाची अधिकृत संख्या ठरली. खऱ्या गडाला कोणी विचारलं नाही.

मग ते माझ्याकडे आले. रविवारची सकाळ. अध्यक्ष, पुजारी आणि एक गवंडी, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. आईने लगबगीने साड्यांचा गठ्ठा खाटेखाली सारला, चहा ठेवला. अध्यक्ष खुर्चीवर बसले, खुर्ची एकच होती.

“मास्तरबेन,” ते म्हणाले, “तुम्ही ग्रॅज्युएट. वस्तीत दुसरं कोण आहे? एक हिसाब करून द्या. टेकडी तीस फूट. पायऱ्या चारशे ऐंशी. एक पायरी किती उंच करायची?”

पाचवीतल्या मुलांना मी हा भागाकार घालते. तीस फुटांचे तीनशे साठ इंच. भागिले चारशे ऐंशी. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“पाऊण इंच.”

गवंड्याने बोट आडवं धरून बघितलं.

“एवढी पायरी असते का कुठे?” मी म्हणाले. “ह्याला पायरी म्हणत नाहीत. ह्याला उतार म्हणतात.”

“पण आकडा तर बसतो ना?” अध्यक्ष म्हणाले.

माझा संयम तिथे सुटला. इतका मूर्खपणा इतक्या गंभीर चेहऱ्याने समोर बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. “असं करा,” मी म्हणाले, “कोटा फरशी पाऊण इंच जाडच असते. एकीवर एक सरकवून लावत जा, डोंगराला वेढे घालत. पायरीची उंची म्हणजे फरशीची जाडी. झाल्या चारशे ऐंशी!”

मी हे टोचून बोलले होते. लहान मूल सुद्धा ओळखेल अशा आवाजात. पण गवंड्याने मान हलवली. पुजाऱ्याने मान हलवली. अध्यक्षांनी पहिल्यांदा खिशातलं एक पेन काढलं, त्याला शाई नव्हती, माझं घेतलं आणि लिहून घेतलं.

“भणेला माणस नी वात ज जुदी,” ते उठता उठता गुजरातीत म्हणाले. शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी.

आई दारापर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर असा अभिमान होता की ती थट्टा होती हे मी तिला सांगितलं नाही.

घरटी एक फरशी मागितली. लोकांनी आणून दिल्या. वडिलांनी आमची फरशी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली आणि मैदानात नेऊन ठेवली. सुट्टीच्या दिवशी वस्तीतली माणसं पाट्या टाकायला जायची, वडीलही जायचे, एक बोट कमी असलेल्या हाताने. ढिगाभोवती गवंड्याने अडीच वेढ्यांचा रस्ता काढला आणि त्यावर माझ्या टोमण्याप्रमाणे फरशीवर फरशी सरकवत नेली. लांबून तो रस्ता वेटोळं घातलेल्या पट्ट्यासारखा दिसे. वर सिमेंटचं देऊळ, भगवा झेंडा, चार दिशांना चार भोंगे. खाली पत्र्याचा बोर्ड लागला: ‘मूळ गडाइतक्याच ४८० पायऱ्या’. त्याखाली समितीची नावं, आणि सगळ्यांत खाली ‘गणित मार्गदर्शन’ म्हणून माझं नाव, पुढे बी.ए. मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते पुसायला लावलं. रंगवाल्याने त्यावर पांढरा हात मारला. पण उन्हात तिरकं पाहिलं की बी.ए. दिसतंच.

त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या घरापुढे नवा ओटा झाला. कोटा फरशीचा. सगळ्यांनी पाहिला. कोणी काही म्हणालं नाही, कारण निम्म्या वस्तीला काम त्यांच्याच शब्दावर मिळत होतं. आणि फरश्या मोजायला बसतंय कोण? भाविक त्या उतारावरून चालत जायचे, दहा मिनिटांत वर पोचायचे, वर नारळ फोडून खाली यायचे. कित्येकांना तर आपण पायऱ्या चढलो हे कळायचंही नाही.

चैत्र आला. आई म्हणाली, “मी जासू.”

मी खूप बोलले त्या दिवशी. तो ढीग आहे, त्यात संडासची भांडी आहेत, ती पायरी माझ्या थट्टेतून झालेली आहे, तो माणूस देवीच्या नावावर मतं मागणार आहे. आईने सगळं ऐकलं.

“थट्टा तुन्ही,” ती म्हणाली. “पायऱ्या देवीन्या. आते माले चारशे ऐंशी दाना मोजी दे.”

प्रत्येक पायरीला हळदकुंकू आणि त्यावर ज्वारीचा एक दाणा, असं तिने ठरवलं होतं. तिला शंभरापुढे नीट मोजता येत नव्हतं. दाणे संपले की पायऱ्या संपल्या, हा तिचा हिशोब. मी ताटात दहा-दहाच्या ढिगल्या करून चारशे ऐंशी दाणे मोजले. पुन्हा एकदा मोजले. चूक झाली असती तर ती तिने नवसात धरली असती.

सकाळी सहाला सुरुवात केली. आणि तिथे मी एक गोष्ट पाहिली ती प्रामाणिकपणे लिहायला हवी. खऱ्या गडावर ती उभी राहून वाकत होती, म्हणून अडकली. इथे ती बसली. पहिल्या फरशीवर पाय पसरून बसली, बाजूला हळदकुंकू लावलं, दाणा ठेवला, हात टेकले आणि पाऊण इंच वर सरकली. पुन्हा लावलं, पुन्हा सरकली. गुडघा वाकवायची गरजच नव्हती. मी थट्टेत सांगितलेली पायरी जगात एकाच माणसाच्या मापाची होती आणि ते माणूस माझ्या घरात होतं. याचं श्रेय मी घेत नाही, आणि समितीला तर मुळीच देत नाही.

ऊन चढलं. फरशी तापली. मी छत्री धरून शेजारून चालत होते. शेजारची मावशी, जिची जीभ अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती, पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर होती.

“घसरगुंडीवर लोक खाली जातात,” ती म्हणाली, “तुझी माय वर चालली.”

आई हसली. हात थांबले नाहीत.

शेवटच्या वळणावर मला काहीतरी वेगळं दिसलं. फरश्या तिथे विरळ झाल्या होत्या. दोन फरश्यांच्या मधे वीतभर सिमेंट, जणू गवंड्याला रस्ता पुरा करायचा होता आणि माल संपला होता. दुपारी अडीचच्या सुमारास आई शेवटच्या फरशीवर पोचली. पुढे देवळाचा उंबरा. तिने कुंकू लावलं, दाणा ठेवला आणि पिशवीत हात घातला. मग पिशवी ओटीत उलटी केली.

दाणे उरले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. “मोजामा चुकनी का तू?”

“नाही.”

“मंग?”

मी दाणे मोजले. एकवीस. मग छत्री मावशीकडे दिली आणि खालपर्यंत एकेक फरशी मोजत उतरले. प्रत्येकीवर ओलं कुंकू होतं, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. चारशे एकोणसाठ. पुन्हा वर आले तेव्हा भोंगा सुरू झाला होता. अध्यक्षांना कोणीतरी बोलावून आणलं होतं. माइक हातात, सफारी कडक.

“आपल्या वस्तीतल्या अक्कांनी आज चारशे ऐंशी पायऱ्या पूर्ण केल्या! आपल्या गडावरचा पहिला नवस फिटला! देवी जागृत आहे!”

“चारशे एकोणसाठ,” मी म्हणाले.

त्यांनी माइकवर हात ठेवला. “काय म्हणालात मास्तरबेन?”

“एकवीस फरश्या कमी आहेत. मी आत्ता मोजल्या.”

“अहो, आता आकडा काय घेऊन बसलात? भाव महत्त्वाचा. देवी काय फरश्या मोजते?”

ज्या माणसाने आकड्यासाठी दोन माणसं एसटीने गडावर पाठवली, ज्याने पुजाऱ्याकडून ‘एक कमी नाही’ असं वदवून घेतलं, ज्याने चारशे ऐंशी हा आकडा पत्र्यावर रंगवला, तो मला भाव शिकवत होता. माझ्या तोंडात जे शब्द आले ते मी शाळेत कोणाला बोलू देत नाही. मी ते गिळले. पुजाऱ्याकडे पाहिलं. तो घंटेची दोरी नीट करू लागला.

आई उंबऱ्याशी बसून होती. ओटीत एकवीस दाणे. तिला भांडण ऐकूच येत नव्हतं. ती पुन्हा त्या बसच्या खिडकीशी जाऊन बसली होती, हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

“बाकीन्या कथा गयात?” तिने कोणालाच न विचारता विचारलं.

“जातील कुठे?” मावशी म्हणाली. छत्री तिने खांद्यावर टाकली होती. “अध्यक्षांच्या वट्यावर आहेत ना. चांगल्या धुऊन पुसून ठेवल्यात.”

आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं होती. हसायला कोणी धजलं नाही. अध्यक्ष म्हणाले, “ओ मावशी, तोंड सांभाळून बोला हां.” मावशीने तांब्यातलं पाणी प्यायलं.

आईने मात्र एवढंच विचारलं, “त्याच फरश्या शेतस का?”

“त्याच,” मी म्हणाले.

“मंग त्या पायऱ्याच शेतस. चाल, हात धर मन्हा.”

आम्ही तिला धरून उतरवलं. उतार असल्यामुळे ती सावकाश चालू शकली. मागे माणसं. कोणी बोलावलं नव्हतं, पण सगळी निघाली. अध्यक्ष बाजूने चालत होते, “अक्का, ऐका तर खरं. अक्का, उद्या नवीन एकवीस मागवतो, माझा शब्द आहे.” आई त्यांना मान देऊन ऐकत होती, तिने कधी कोणाला तोडून उत्तर दिलं नाही. “हा भाऊ,” म्हणायची आणि पुढे चालायची.

त्यांचं घर कोपऱ्यावर. बाहेर मोटरसायकल, तिच्याखाली नवा कोरा ओटा. आईने दारातल्या त्यांच्या बायकोला विचारलं, “बहीण, बठू का?” ती बिचारी काय नाही म्हणणार? म्हणाली, “बठा ना.” दोघांनी मोटरसायकल उचलून बाजूला ठेवली.

आई रस्त्याकडच्या कडेच्या फरशीवर बसली. हळद, कुंकू, दाणा. सरकली. हळद, कुंकू, दाणा. सगळी गल्ली उभी राहून बघत होती. इथे चढ नव्हता, ओटा सपाट होता. पण तिचा चेहरा गडाच्या पहिल्या पायरीवर जसा होता तसा होता. आमची फरशी गडावर लागली होती की या ओट्यावर, कळायला मार्ग नव्हता. सगळ्या सारख्याच. कोणीतरी मागून दाणे मोजू लागलं, मग दुसरं, मग अख्खी गल्ली मोठ्याने मोजू लागली, शाळेत पाढे म्हणतात तशी. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस.

अध्यक्ष रस्त्यावर उभे होते. देवीच्या पायरीवर, ओल्या कुंकवावर पाय देऊन घरात जाण्याची त्यांची हिंमत नव्हती. एवढ्या लोकांच्या समोर तर नाहीच. शेवटी ते गटाराच्या बाजूने, भिंतीला धरून, चपला हातात घेऊन, कडेकडेने दाराशी पोचले. सफारीची पाठ चुन्याने भरली. उंबऱ्याला लागून कुंकू नसलेल्या काही फरश्या होत्या, त्यांवर ते उभे राहिले. त्या मी मोजल्या. पाच होत्या.

मी आईला म्हणाले, “त्यांनाही लाव. राहिल्या कशाला?”

आईने ओटी झटकली. दाणा उरला नव्हता.

“नही,” ती म्हणाली. “ह्या पाच त्यान्या सोतान्या व्हतीन.”

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठली, आणि गडाच्या दिशेला, खऱ्या गडाच्या, तोंड करून हात जोडले. “फिटना,” एवढंच म्हणाली.

अध्यक्ष त्या पाच फरश्यांवर उभे होते. बोर्डावरचा आकडा आजही चारशे ऐंशी आहे, आणि तो खोटा आहे असं आता कोणालाच म्हणता येत नाही. पुढच्या चैत्रात ज्या दोन बायकांनी पायरीपायरीला हळदकुंकू लावलं, त्याही ढीग उतरून सरळ त्या कोपऱ्यावरच्या घरी आल्या, “बहीण, बठू का?” म्हणाल्या, आणि एकवीस मोजून उठल्या.